विचारल्यानं डोक्यात येत नाही

लातूर-नांदेडच्या पालकांच्या ग्रुपवर नीटचा निकाल जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो: "मुलांसमोर आत्महत्येचा विषयच काढू नका, नसलेलं डोक्यात येतं. जे बोलून दाखवतात ते करत नाहीत. हुशार पोराची तर काळजीच नको."

तिन्ही वाक्यं चूक. पहिलं सगळ्यात महागात पडणारं.

विचारल्यानं असा विचार पेरला जातो का, हे न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांवर शाळकरी मुलांत तपासून झालंय. निष्कर्ष २००५ साली छापून आले. प्रश्न विचारलेल्या मुलांचा त्रास न विचारलेल्यांपेक्षा वाढला नाही. आधीच नैराश्यात असलेल्यांचा तर कमीच दिसला.

मी लातुरात क्लासच्या पोरांशी बोलायला बसतो. औशाकडचा एक जण "सर, झोप येईना" एवढंच म्हणत पाण्याच्या बाटलीवरचा कागद सोलत होता. सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का रे?"

"रोज नाही. टेस्टची रँक लागली की."

मग पुढचं: कधीपासून? कसं करायचं ते ठरवलंय का? आधी कधी प्रयत्न केला होता? जोखीम या उत्तरांत असते, चेहऱ्यावर नाही. अन् आज "नाही" म्हणाला म्हणजे पुढच्या टेस्टनंतरही नाहीच, असं नसतं. परत विचारावं लागतं. अजून एक प्रश्न मी कधीच सोडत नाही: "तू नसतास तर घरच्यांचं बरं झालं असतं, असं वाटतं का?" शेत गहाण टाकून फी भरलेली पोरं याला फार पटकन हो म्हणतात.

बोलून दाखवणाऱ्याचं "नाटक" म्हणणाऱ्यांना एकच सांगतो: बोलून दाखवणारेही करतात, अन् आधी प्रयत्न केलेल्याला तर धोका सगळ्यात जास्त. हुशारीचं म्हणाल, तर गावात पहिला येणारा इथं बॅचमध्ये चारशेवा असतो.

पोलिसांच्या भीतीनं गप्प बसणारेही असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं. शिक्षेपेक्षा उपचार आधी. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट.

हे गुपित ठेवणार नाही, असं त्या पोराला सांगूनच त्याच्या वडिलांना फोन लावला. संध्याकाळच्या एसटीनं आले. डॉक्टरांची वेळ घेतली आणि फवारणीची औषधं घरातून हलवायला सांगितली. त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला: "कोठीतलं सगळं तुझ्याकडं ने, अन् कुलूप लाव."