एनालायझर खोटं दाखवतो का? एका कमेंटला उत्तर

भाऊ, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की इन्फ्रारेड गॅस एनालायझर (चिमणीच्या धुरात कुठला गॅस किती आहे ते इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणारं मशीन) म्हणजे नुसता देखावा, ओला गॅस गेला की सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा चढतो, ऑक्सिजनचं मी आधीच्या पोस्टमध्ये काही लिहिलंच नाही, आणि चिमणीचा एसओटू (सल्फर डायऑक्साइड) कंपनीला पाहिजे तेवढाच दिसतो. तुम्ही स्वतः बॉयलरवर आहात म्हणून सविस्तर लिहितो, कारण यातलं अर्धं मला पटतं आणि अर्धं अजिबात नाही.

आधी ओल्या गॅसचं. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) ४.२६ मायक्रॉनजवळचा इन्फ्रारेड शोषतो, सीओ ४.६ च्या आसपास, आणि पाण्याची वाफ तर जागोजागी शोषते, त्यामुळे वाफ आत गेली की सीओ फुगतो हे खरंय. पण ही गोष्ट बनवणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत आहे. १९३८ च्या सुमारास जर्मनीत लुफ्टने जो डिटेक्टर काढला त्यात जो गॅस मोजायचा तोच डिटेक्टरच्या डबीत भरलेला असतो, म्हणजे सीओ मोजायचा तर डबीत सीओ. सॅम्पलमधल्या सीओने आपल्या वाट्याचा प्रकाश आधीच खाल्ला की डबीतला सीओ कमी तापतो, त्याचा दाब कमी वाढतो, दुसरीकडे नायट्रोजन भरलेल्या रेफरन्स सेलमधून पूर्ण प्रकाश येतो, आणि या दोन दाबांमधल्या फरकाने मधला पातळ पडदा हलतो, तोच सिग्नल. नायट्रोजन इन्फ्रारेड शोषतच नाही. ऑक्सिजनही नाही, म्हणून तो वेगळ्या, पॅरामॅग्नेटिक नाहीतर झिर्कोनिया सेन्सरने मोजतात. तरी वाफेचा थोडा त्रास उरतोच, म्हणून सॅम्पल कूलरमध्ये ५ डिग्रीच्या आसपास थंड करून पाणी काढायचं.

आणि खरी भानगड इथेच आहे. मे महिन्यात आपल्या भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर, केबिनचा एसी बंद पडलेला, कूलर बिचारा हाफतोय, पाणी पुढे एनालायझरच्या मोजणीच्या सेलपर्यंत जातं. उलट हीटेड लाइन (चिमणीतून गॅस आणणारी गरम ठेवलेली नळी) मधेच थंड पडली तर पाणी लाइनमध्येच साचतं, एसओटू त्यात विरघळतो आणि आकडा आपोआप खाली येतो. कोणी चोरी केली नाही, कोणी बटण दाबलं नाही, तरी आकडा चुकीचा! अशा वेळी एनालायझरला शिव्या देण्यात काय अर्थ आहे, त्याच्यापर्यंत जे आलं तेच तो मोजतोय.

लीकेजचं बघा. समजा खरा एसओटू ३०० पीपीएम (दहा लाखात ३०० भाग), ऑक्सिजन ६ टक्के. पंपाच्या आधी फिटिंग ढिली होऊन निम्मी बाहेरची हवा ओढली गेली तर एसओटू १५० दिसेल, छान वाटेल, पण ऑक्सिजन १३.५ वर जाईल. आता ६ टक्के ऑक्सिजनला किती आला असता ते करेक्शन करा, हवेतला ऑक्सिजन २१ धरून, १५० गुणिले १५ (२१ वजा ६) भागिले ७.५ (२१ वजा १३.५), परत ३०० च! म्हणून मी नेहमी म्हणतो की एसओटूचा नुसता आकडा कोणी दाखवला तर त्याच सॅम्पलचा ऑक्सिजन किती ते आधी विचारा.

मुद्दाम केलेल्या लबाडीबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. स्पॅन म्हणजे माहीत असलेल्या गॅसचा सिलिंडर लावून मशीनचा आकडा जुळवणं; सिलिंडर ५०० चा आणि स्पॅनला ४०० भरलं तर सगळं रीडिंग पाचव्या हिश्शाने कमी येतं, मशीनला कळायचा मार्ग नाही. पण हे पकडणं अवघड नाही, सर्टिफिकेट असलेला दुसरा सिलिंडर सर्वांसमोर लावायचा. आणि तो एनालायझरच्या मागे नाही, वर चिमणीवर प्रोबपाशी (जिथून सॅम्पल ओढलं जातं तिथे), म्हणजे लाइन, फिल्टर, कूलर सगळ्याची परीक्षा एकदम होते. बहुतेक ठिकाणी वर चढायचा कंटाळा म्हणून खालीच गॅस देतात, आकडा बरोबर येतो, सही होते, आणि वरची तुंबलेली लाइन तशीच राहते, याचा मला खरंच राग येतो.

तुमच्या प्लँटवर प्रोबपाशी स्पॅन गॅस द्यायची सोय आहे का बघा, आणि दुपारी तीनला कूलरचं टेंपरेचर किती दिसतं ते लिहा. त्यावरून सीओ का चढतो ते सांगता येईल.