आजारी आईच्या भेटीसाठीची रजा आणि तिच्यावरचे राजकारण

एखाद्या प्रसिद्ध कैद्याला घरच्यांच्या आजारपणासाठी पॅरोल, म्हणजे शिक्षेदरम्यानची तात्पुरती सुटका, मिळाला की दुसऱ्याच दिवशी विरोधक सरकारवर पक्षपाताचा आरोप करतात, सरकार ‘सर्व काही नियमानुसारच झाले’ असे सांगते, आणि आठवडाभरात ‘ही सवलतच बंद करा’ अशी मागणी जोर धरू लागते. या मागणीला माझा ठाम विरोध आहे. लोकांचा राग मला समजत नाही असे नाही, पण त्या रागाची किंमत आजवर ज्यांनी मोजली त्यांच्यापर्यंत ना विरोधकांची नजर पोहोचली, ना सरकारची.

रागाला कारणे आहेत, आणि ती खरी आहेत. जेसिका लाल खून प्रकरणात जन्मठेप भोगणाऱ्या मनू शर्माला 2009 मध्ये दिल्ली सरकारच्या शिफारशीवरून पॅरोल मिळाला. अर्जातील कारणांमध्ये आईचे आजारपण होते, प्रत्यक्षात हा माणूस दिल्लीतील एका नाइट क्लबमध्ये दिसला. इतर कैद्यांचे अर्ज पडून असताना याच अर्जाला गती कशी मिळाली, यावरून दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारची कानउघाडणी केली. 2013 च्या डिसेंबरमध्ये येरवड्यात शिक्षा भोगत असलेल्या संजय दत्त यांना पत्नीच्या आजारपणासाठी पॅरोल मंजूर झाला, त्यांच्या पत्नीची एका कार्यक्रमातील छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून आली, तुरुंगाबाहेर निदर्शने झाली आणि तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांना चौकशीचे आदेश द्यावे लागले. (आजाराची गंभीरता डॉक्टरांच्या कागदपत्रांवरून ठरते. छायाचित्रातील चेहऱ्यावरून एखाद्या स्त्रीच्या प्रकृतीचा निकाल देणे मला तेव्हाही पटले नव्हते.) त्याहून गंभीर प्रकार 2016 मध्ये घडला. मुंबईतील एका तरुण वकील महिलेच्या खुनात जन्मठेप झालेला सुरक्षारक्षक आजारी आईला भेटण्याच्या कारणाने पॅरोलवर सुटला आणि फरार झाला. तो पुन्हा हाती लागला 2017 च्या ऑक्टोबरमध्ये. त्या मुलीच्या आईवडिलांनी तो काळ कसा काढला असेल, याची कल्पनाही करवत नाही.

अशा प्रत्येक प्रकरणानंतर नियम कडक होतात. वजनदार माणसाचे त्यामुळे फारसे अडत नाही. अडते ते ज्याच्यासाठी कोणी फोन करणारे नाही, त्याचे. त्याच्या अर्जाचा प्रवास बारकाईने पाहिला की हे लक्षात येते. घरून कोणीतरी रुग्णालयाचे प्रमाणपत्र मिळवते आणि ते तुरुंगात पोहोचते. तेथून अर्ज त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याकडे अहवालासाठी जातो. हवालदार घरी येऊन जबाब घेतो, शेजाऱ्यांना विचारतो, जामीनदार कोण राहणार याची खातरजमा करतो. जामीनदार व्हायला कोणी तयार नसेल तर बहुधा प्रकरण तेथेच संपते. अहवाल गेला तरी त्यात ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता’ हे ठरावीक वाक्य असतेच, आणि नामंजुरीच्या आदेशात ‘रुग्णाच्या देखभालीसाठी घरात इतर नातेवाईक आहेत’ हे दुसरे ठरावीक वाक्य येते. जणू मरणपंथाला लागलेल्या आईला फक्त औषध वेळेवर देणारे कोणीतरी हवे असते!

यातील एक गोष्ट मला विशेष अस्वस्थ करते. महाराष्ट्राच्या 1959 च्या फर्लो (शिक्षेचा काही काळ भोगल्यावर मिळणारी रजा) व पॅरोल नियमांत 2018 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसाठी तातडीचा पॅरोल कारागृह अधीक्षकांच्या पातळीवर मिळू शकत होता, तर गंभीर आजारासाठीचा अर्ज नियमित पॅरोलमध्ये मोडत असल्याने विभागीय आयुक्तांपर्यंत जात होता. याचा सरळ अर्थ असा की वडील अंथरुणावर असताना कागद फिरत राहणार आणि वडील गेल्यावर दार लवकर उघडणार. आजार फायलीच्या वेगाने वाढत नाही. उशिरा मिळालेला होकार या बाबतीत नकारच असतो.

तोही कित्येकदा मिळत नाही. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून शिक्षा झालेले प्रा. जी. एन. साईबाबा नागपूर कारागृहात असताना त्यांची कर्करोगग्रस्त आई हैदराबादमध्ये शेवटच्या दिवसांत होती. त्यांना भेटीला जाता आले नाही, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये आई गेल्यावर अंत्यविधीसाठीचा पॅरोलही नाकारला गेला. 2024 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष मुक्त केले. त्यांच्या विचारांशी कोणाचे किती पटते, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. हुकलेली ती भेट कोणत्याही निकालाने परत करता येत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. कैद्यांना कसे वागवावे याबाबत संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या मंडेला नियमांपैकी सत्तराव्या नियमात, परिस्थिती अनुकूल असेल तेव्हा कैद्याला आजारी आप्ताजवळ पोलीस पहाऱ्यात किंवा एकट्याने जाऊ द्यावे, असे म्हटले आहे. ज्यांचे नाव या नियमांना दिले आहे, त्या नेल्सन मंडेलांना 1968 मध्ये आईच्या आणि पुढच्याच वर्षी मुलाच्या अंत्यसंस्काराला जाऊ दिले गेले नव्हते.

कैदी पळून जाईल या भीतीवरही पहारा हाच उपाय आहे. बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमला 2021 च्या मे महिन्यात आजारी आईच्या भेटीसाठी पोलीस बंदोबस्तात बाहेर नेले आणि त्याच दिवशी परत आणले. हरियाणा सरकारवर त्यानंतर जी टीका झाली, ती निवडणुकांच्या तोंडावर त्याला वारंवार मिळालेल्या लांबलचक सुट्ट्यांवर होती, आणि ती टीका रास्तच आहे. पण त्या एका दिवसाच्या भेटीने हे सिद्ध केले की शासनाने मनावर घेतले तर सुरक्षितता आणि माणुसकी दोन्ही सांभाळता येतात. मग हीच व्यवस्था मजुरी करणाऱ्या घरातील कैद्यासाठी का होत नाही? त्याच्याकडून तर बंदोबस्ताचा खर्चही मागितला जातो, आणि तो त्याच्या कुटुंबाच्या आवाक्यात नसतो.

म्हणून माझी मागणी सवलत बंद करण्याची नसून तिचा निर्णय मंत्रालयाच्या सावलीतून बाहेर काढण्याची आहे. आजाराची पडताळणी जिल्हा शल्यचिकित्सकांनी दोन दिवसांत करावी, एक-दोन दिवसांच्या पहाऱ्यातील भेटीचा अधिकार अधीक्षकांना असावा, गरीब कैद्याचा बंदोबस्त सरकारी खर्चाने व्हावा, आणि गुन्ह्यातील पीडिताच्या कुटुंबाला सुटकेची आगाऊ माहिती मिळावी. ज्यांचा खटला अजून संपलेला नाही अशा कच्च्या कैद्यांना तर पॅरोल लागूच होत नाही, त्यांना न्यायालयाकडे तात्पुरत्या जामिनासाठी जावे लागते, आणि देशातील तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदीच आहेत. त्यांच्या अशा अर्जांवरही ठरावीक मुदतीत सुनावणी झाली पाहिजे.

प्रत्येक कारागृहाने दर महिन्याला आजारपणाच्या कारणासाठी किती अर्ज आले, किती दिवसांत निकाली निघाले आणि कोणत्या कारणाने फेटाळले, हे नावे न देता जाहीर करावे. एखाद्या बड्या कैद्याच्या सुटकेवरून विधानसभेत पुन्हा गदारोळ होईल, तेव्हा विरोधी पक्षाने गृहमंत्र्यांकडून त्याच तुरुंगातील त्या महिन्याच्या सर्व अर्जांचा तपशील सभागृहात मागवून घ्यावा.