'६५ टक्के माणसं जन्मजात हुजरी'? मिलग्रॅम असं म्हणाले नव्हते

कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतोय: 'येल विद्यापीठाने सिद्ध केलंय, ६५ टक्के माणसं जन्मजात हुजरी असतात, म्हणून हुकूमशहा टिकतात.' आकडा खरा आहे, अर्थ मात्र पदरचा.

येलचे मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांचा आज्ञापालनाच्या प्रयोगाचा अहवाल १९६३ चा. त्यात ४० पुरुष होते. त्यांतले २६ जण, म्हणजे ६५ टक्के, प्रयोग घेणाऱ्याच्या हुकमावरून दुसऱ्या माणसाला ४५० व्होल्टचा 'शॉक' देईपर्यंत गेले (शॉक खोटा होता, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं). संदेशात पुढचं गाळलंय. नंतरच्या एका फेरीत हुकूम देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून बोलला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे साधारण २० टक्केच निघाले. आणखी एका फेरीत शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला, तर ४० पैकी चौघेच उरले. जन्मजात स्वभाव एवढ्यानं बदलतो होय?

स्वभावाचा संबंधच नाही, असंही नाही. १९६६ मध्ये एल्म्स आणि मिलग्रॅम यांनी आज्ञा पाळणारे आणि नाकारणारे तपासले, तेव्हा पाळणाऱ्यांत हुकूमशाही वृत्तीकडे कल जास्त दिसला. पण मतदान, पक्ष, नेता यांपैकी प्रयोगात काहीच नव्हतं. शिवाय संदेश पुढे ढकलणारा प्रत्येक जण स्वतःला उरलेल्या ३५ टक्क्यांतच धरतो, ते वेगळंच.