पस्तीस वेळा पुसा म्हणे!

सांगली-मिरजेच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. जुना कम्प्युटर भंगारात देण्याआधी काय करावं, यावर. मजकूर थोडक्यात असा: फॉरमॅट मारून उपयोग शून्य, सगळं परत काढता येतं. लिनक्सची 'श्रेड' कमांड, म्हणजे जुन्या डेटावर भलतंच काही लिहून तो झाकणारी, ३५ वेळा चालवा, मग हार्ड डिस्क असो, एसएसडी (चकतीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणारी डिस्क) असो वा पेनड्राइव्ह, कायमची कोरी. ते जमत नसेल तर चुंबक फिरवा. आणि पुरात भिजलेल्या डिस्कची चिंताच नको, तिच्यातला डेटा पाण्यानेच गेला.

हेतू चांगला आहे. पतसंस्था, सीएंची ऑफिसं, दवाखाने, हळदीचे अडते, सगळ्यांच्या डिस्कवर लोकांचे आधार-पॅन पडलेले असतात. पण सल्ला जवळपास सगळाच उलटा आहे.

फॉरमॅटचं अर्धं खरं. क्विक फॉरमॅट फक्त फाइलींची यादी पुसतो, माल जागेवरच राहतो. पण विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट संपूर्ण पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्या अख्ख्या भागावर, शून्यं लिहितो. विंडोजच्याच डिस्कपार्ट या डिस्क हाताळणाऱ्या प्रोग्राममध्येही तोच फरक: 'क्लीन' दोन सेकंदांत उरकतं आणि नुसतं पार्टिशन उडवतं, 'क्लीन ऑल' तासन्‌तास चालतं आणि अख्खी डिस्क शून्यं करतं. लोक पहिलं मारतात आणि दुसरं झालं असं समजतात.

आता ते ३५. हा आकडा संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातला. त्या काळच्या डिस्क वेगवेगळ्या पद्धतींनी डेटा मांडायच्या. त्या सगळ्यांसाठीचे नमुने एकत्र केले तेव्हा ३५ फेऱ्या झाल्या. म्हणजे कुठल्याही एका डिस्कला सगळ्या ३५ तेव्हाही लागत नव्हत्या. लोक हा आकडा मंत्रासारखा जपताहेत हे बघून पुढे गुटमननीच पुरवणी जोडून सांगितलं की आधुनिक डिस्कवर या नमुन्यांना अर्थ नाही. सोनारानेच कान टोचले, तरी मेसेज फिरतोच आहे. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनेनेही हार्ड डिस्कला साधारणपणे एक फेरी पुरेशी धरली होती. खुद्द श्रेड सांगितल्याशिवाय तीनच फेऱ्या मारते. हिशोब करा: १ टीबीची डिस्क, सेकंदाला १०० एमबी वेग, तर एका फेरीला पावणेतीन तास. ३५ फेऱ्यांना चार दिवस, तेही मधे लाइट गेली नाही तर.

खरा घोळ 'डिस्क कुठलीही असो' या शब्दांत आहे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. मार्केट यार्डातल्या वखारवाल्याला सांगा, बारा नंबरच्या गाळ्यात नवीन पोती लाव. तो ती चाळीस नंबरमध्ये लावतो आणि दारावरची पाटी बदलून त्यालाच बारा म्हणतो. जुनी पोती होती तिथेच, सवडीने हलवायची. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार बघणारी आतली चिप, नेमकं हेच करतो, कारण त्याला डेटा साठवायचे सगळे कप्पे (सेल) सारखे झिजवायचे असतात. शिवाय काही जागा तो राखीव ठेवतो, ती तुमच्या कमांडला दिसतच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ साली हे तपासलं. एकेकटी फाइल पुसण्याची कुठलीच जुनी पद्धत एसएसडीवर चालली नाही. अख्खी एसएसडी दोनदा पुसणं बहुतेकदा पुरलं, नेहमी नाही.

एसएसडीला तिच्या आतलीच कमांड द्यावी लागते. एसएसडी जोडण्याचे दोन प्रकार: साटा असेल तर लिनक्सच्या 'एचडीपार्म' कमांडमधून सिक्युअर इरेज, एनव्हीएमई असेल तर 'एनव्हीएमई फॉरमॅट' इरेजच्या पर्यायासह. एचडीपार्म बऱ्याचदा 'फ्रोजन' (डिस्कला कुलूप आहे) दाखवून हात वर करते; मशीन एकदा स्लीपला टाकून उठवलं की बहुतेक वेळा डिस्क मोकळी होते. मात्र काही कंपन्यांनी ही कमांडच नीट बसवलेली नव्हती, हेही त्याच संशोधनात निघालं. म्हणून नवीन मशीन आलं की पहिल्या दिवशीच विंडोजवर बिटलॉकर किंवा लिनक्सवर लक्सने एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा सांकेतिक करून ठेवणं, चालू करा. मग आत काही उरलंच तरी किल्लीशिवाय तो कचरा. पेनड्राइव्हला असली कमांड सहसा नसतेच, ती सरळ फोडा.

मेसेजमध्ये एक गोष्ट आलीच नाही, ती म्हणजे चुकीची डिस्क. डिस्कवर शून्यं लिहायला वापरतात ती लिनक्सची 'डीडी' कमांड काही विचारत नाही, एंटर मारलं की चालू. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं, पण कालची एसडीबी आज बूट केल्यावर एसडीए होऊ शकते. डिस्कची यादी देणाऱ्या 'एलएसबीएलके' कमांडने मॉडेल आणि सीरियल नंबर काढा आणि डिस्कवरच्या स्टिकरशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. शून्यं लिहून झाल्यावर डिस्कवर काय आहे ते दाखवणारा 'हेक्सडंप' मोठ्या सी पर्यायाने चालवा. सारख्या ओळी तो गाळतो, त्यामुळे कोऱ्या हार्ड डिस्कवर अखेर तीनच ओळी दिसतात: एक शून्यांची, एक चांदणी, एक शेवटचा पत्ता. चौथी ओळ दिसली तर काम राहिलंय. एसएसडीवर मात्र या तीन ओळींवर विसंबू नका. तिथे कंट्रोलर जे दाखवतो तेच दिसतं.

चुंबकाचं दोन वाक्यांत. हार्ड डिस्कच्या आतच निओडिमियमचे जबर चुंबक असतात, फ्रिजवरच्या चुंबकाला ती काय भीक घालणार. एसएसडीत चुंबकीय काही नसतंच.

राहिला पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागापासून पेठांपर्यंत किती सीपीयू बुडाले याला गणती नाही. पाण्याने सर्किट जातं, चकतीवरचं चुंबकत्व जात नाही. अमेरिकेचं कोलंबिया अवकाशयान २००३ मध्ये कोसळलं, त्यातल्या जळक्या डिस्कवरून यानातल्या एका प्रयोगाचा जवळपास सगळा डेटा काढण्यात आला. मग नुसत्या चिखलाचं काय! उलट अशा डिस्कला कमांडही देता येत नाही, कारण ती सुरूच होत नाही. म्हणून भंगारवाल्याकडे जाण्याआधी ती उघडून चकत्या वाकवा किंवा ड्रिलने आरपार भोकं पाडा. लॅपटॉपच्या लहान डिस्कमधल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात, तेव्हा आधी पोत्यात गुंडाळा आणि डोळ्यांना चष्मा लावा.