पोरगं घाबरलंय

आज ऑफिसखालच्या टपरीवर बीच बॉईज या अमेरिकन बँडवरून एकाने अक्कल पाजळली. "बीच बॉईज? ती समुद्रावर बागडणारी पोरं ना? बीटल्ससमोर काय घेऊन बसलास!" तिथे हसून सोडून दिलं. पण ट्रेनमध्ये डोकं तापत गेलं. ठाणे येईपर्यंत मनातल्या मनात तीन भाषणं झाली होती, म्हणून इथे ओततोय.

1994 मध्ये दादा मस्कतला गेला, तेव्हा मला एक नव्वद मिनिटांची कॅसेट देऊन गेला. ए बाजूला बीटल्स, बी बाजूला बीच बॉईजची 'पेट साउंड्स' ही तबकडी. डोंबिवलीच्या आमच्या दीड खोलीत आई पोळ्या लाटायची आणि टेप चालू असायचा. ए बाजूला तिची हरकत नसायची. "मजेत आहेत रे हे चौघं," एवढंच म्हणायची. बी बाजू पहिल्यांदा लावली त्या दिवशी मात्र लाटणं थांबलं. आईला इंग्रजीचा गंध नाही. म्हणाली, "गातो गोड, पण पोरगं घाबरलंय."

मी तेव्हा हसलो होतो. बऱ्याच वर्षांनी वाचलं, की डिसेंबर 1964 मध्ये बीच बॉईजची गाणी रचणारा आणि गाणारा ब्रायन विल्सन विमानात कोसळला, ढसाढसा रडला आणि मग दौरे सोडून घरी बसला. वय 22. उजव्या कानाने जवळपास बहिरा. बाकीची मंडळी गावोगाव गात फिरायची आणि हा स्टुडिओत वादकांना घेऊन एकेक सूर घासत बसायचा. 'पेट साउंड्स' त्यातूनच 1966 च्या मे महिन्यात आली. आणि समुद्राचं म्हणाल, तर त्या अख्ख्या टोळक्यात सर्फिंग करणारा एकटा डेनिस, ब्रायनचा भाऊ. ब्रायन पाण्याला भ्यायचा. आता बागडा!

बीटल्स मला कमी प्रिय आहेत असं नाही. दादाची आठवण आली की मी ए बाजूच लावायचो. खोलीत चार माणसं आल्यासारखी वाटायची. 'एलेनॉर रिग्बी'सुद्धा घ्या. नुसती आठ तंतुवाद्यं, चौघांपैकी कोणी काही वाजवत नाही, आणि एका एकट्या बाईची गोष्ट. पण ती तिची गोष्ट. आपण खिडकीतून बघतो, हळहळतो, गाणं संपतं, आपण जेवायला बसतो. बी बाजूनंतर मला जेवण जायचं नाही. तिथे कोणी कोणाची गोष्ट सांगतच नाही. तिथे आपणच सापडतो, दादाच्या रिकाम्या कॉटवर बसलेले.

बरं, बीटल्सचा पल्ला मोठा, मान्य. त्यांची 'रबर सोल' ही तबकडी ऐकूनच ब्रायन पेटला, हेही मान्य. पण बीटल्समधला मॅकार्टनी स्वतः 'पेट साउंड्स'मधल्या 'गॉड ओन्ली नोज'वर जीव टाकतो, ते टपरीवर कोण सांगणार?

आपल्याकडे बीटल्स 'आपले' झाले, कारण त्यांच्यातल्या जॉर्जने जानेवारी 1968 मध्ये मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं, मग चौघांचा ऋषिकेशच्या आश्रमातला मुक्काम गाजला. त्याच ऋषिकेशला बीच बॉईजचा माइक लव्हही होता. त्याचं नाव कोणी काढत नाही. (मीही फारसं काढत नाही, पण तो वेगळा राग आहे.)

असो. लिहिता लिहिता राग ओसरला. त्या मित्राचाही दोष नाही, त्याला बी बाजू कोणी दिलीच नसेल.

घरी आल्यावर मोबाईलवर बी बाजूचं 'कॅरोलाइन, नो' लावलं. शेवटी आगगाडी जाते, कुत्री भुंकतात. पूर्वी आई तिथे हमखास खिडकीकडे बघायची, आजही बघितलं. मग म्हणाली, "हा तोच ना, घाबरलेला?"

म्हटलं, "हो. गेला गं तो. 2025 च्या जूनमध्ये. 82 वर्षांचा होता."

थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, "जवळ कोणी होतं ना त्याच्या?"

होतं म्हटलं.