बायबलचं पारायण करू नका

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, "तू बायबल वाचतेस म्हणे. मलाही वाचायचंय. कुठून सुरू करू?" तिला फोनवर जे सांगितलं ते अर्धवटच राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. (मी धर्म बदललेला नाही आणि तसा विचारही नाही. कॉमेंटमध्ये हा प्रश्न येणारच, तेव्हा आधीच सांगून टाकते.)

माझी सुरुवात साफ फसली होती. आपल्याकडे ग्रंथ म्हटला की पारायण. आजी गुरुचरित्राचा सप्ताह करायची. पहिल्या अध्यायापासून सुरू, रोजचे अध्याय ठरलेले, मध्ये उठायचं नाही. मीही त्याच शिस्तीत बायबलचं पहिलं पान उघडलं. 'उत्पत्ती'चे ५० अध्याय भराभर संपले. जलप्रलय, भावांनी विकलेला योसेफ, सगळं कसं रंगतदार. 'निर्गम'ही अर्ध्यापर्यंत छान. मग २५व्या अध्यायापासून निवासमंडप, म्हणजे देवासाठीचा तंबू, बांधायला घेतात, आणि पडदा २८ हात लांब, ४ हात रुंद, त्याला ५० बिरडी, असं सुरू होतं. तेही दात-ओठ खाऊन संपवलं. पुढे 'लेवीय' आलं. कुठल्या प्राण्याची चरबी वेदीवर जाळायची, कुठला प्राणी खायचा नाही. तेराव्या अध्यायात अंगावरचा डाग याजकानं कसा तपासायचा हे वाचताना पुस्तक मिटलं, ते दोन वर्षं मिटलेलंच. खूण म्हणून घातलेलं विजेचं बिल आत तसंच.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. मूळच्या नगरकडच्या, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्यांना हे सांगितलं तर खो खो हसल्या. म्हणाल्या, "अगं, आमच्यातलेसुद्धा निम्मे लोक लेवीयातच अडकतात. मार्क घे. सोळाच अध्याय आहेत. आणि एका बैठकीत वाच, रोज थोडं थोडं नको."

हा सल्ला लाखमोलाचा. बायबलचे दोन भाग, जुना करार आणि येशूपासूनचा नवा करार. नव्या कराराच्या सुरुवातीला चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाच्या कथा आहेत, मत्तय, मार्क, लूक, योहान. पहिला मत्तय, म्हणून लोक तिथून सुरू करतात आणि पहिल्याच पानावर अब्राहामापासूनची वंशावळ समोर येते. (ती नंतर जरूर वाचा. बापांच्या त्या यादीत येशूच्या आईखेरीज चारच बायका आहेत, आणि त्या कोण हे कळलं की यादीचा रंगच बदलतो.) मार्क यात पडतच नाही. जन्मकथा नाही, मेंढपाळ नाहीत, तारा नाही. थेट यार्देन नदी, जिथे येशूचा बाप्तिस्मा होतो. तिथून पुढे सगळी धावपळ. मूळ ग्रीकमध्ये 'लगेच' अशा अर्थाचा शब्द चाळीसेक वेळा येतो म्हणतात. मोठ्यानं वाचलं तर दीड तासात होतं. मी रविवारी दुपारी वाचलं, आणि चहा करायचाही विसरले.

मला त्यातल्या बारीकसारीक गोष्टींनी धरून ठेवलं. वादळात नाव पाण्यानं भरत असते, शिष्यांची बोबडी वळलेली, आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला. ती उशी इतर शुभवर्तमानांत नाही, फक्त मार्कात आहे. किंवा याईराची बारा वर्षांची मुलगी. ती मेली म्हणून घरात आकांत चाललाय, येशू आत जातो, तिचा हात धरतो, तिला उठवतो. सगळे थक्क. अशा वेळी तो काय सांगतो? हिला काहीतरी खायला द्या. ते वाचून मी क्षणभर थांबले. पोरीला भूक लागली असेल हे त्या घरात कुणाच्याच लक्षात आलं नसणार.

आणि मला न पटलेली जागाही सांगते, कारण नवख्या माणसानं ती गिळून टाकू नये. सातव्या अध्यायात सोर प्रांतातली एक परकी बाई आपल्या भूतबाधा झालेल्या मुलीसाठी गयावया करते. येशू तिला म्हणतो, मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नाही. (मुलं म्हणजे यहुदी, कुत्री म्हणजे तिच्यासारखे परके.) मी उखडलेच. तशीच वर गेले आणि काकूंना म्हटलं, हे काय बोलणं झालं? त्या शांतपणे म्हणाल्या, "मलाही टोचतं. पण पुढचं वाच ना." पुढे ती बाई म्हणते, मेजाखाली कुत्रीसुद्धा मुलांच्या हातून पडलेले तुकडे खातात. आणि त्या एका उत्तरावर तिची मुलगी बरी होते. काकूंच्या मते अख्ख्या मार्कात येशूशी वाद घालून जिंकलेली ही एकटीच. माझा राग पूर्ण गेलेला नाही. पण ही जागा लिहिणाऱ्यानं गाळली नाही, एवढं मी मनाशी नोंदवून ठेवलंय.

कुठलं भाषांतर घ्यायचं? बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' जुन्या वळणाचं आहे, पण मला त्याची मराठी आवडते. सोपं हवं असेल तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' घ्या. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आणि प्रोटेस्टंटांच्यात ६६, त्यामुळे दोन प्रती जुळल्या नाहीत तर घाबरू नका. आणि वचनांच्या, म्हणजे अध्यायातल्या छोट्या छोट्या तुकड्यांच्या, आकड्यांचा धाक नको. ते मुळात नव्हतेच, नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे रोबेर एत्येन नावाच्या मुद्रकानं १५५१मध्ये दिले. डोळ्यांनी ते ओलांडून सरळ वाचत जा. 'प्रकटीकरणा'कडे, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाकडे, मात्र सुरुवातीला फिरकू नका. ६६६ हा आकडा तिथलाच. व्हॉट्सॲपवर ६६६चे फॉरवर्ड पाठवणाऱ्या मंडळींपैकी किती जणांनी ते पुस्तक उघडलंय, देव जाणे.

हे सगळं मराठीला परकं आहे असं वाटत असेल तर जरा मागे बघा. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं (जेझुइट म्हणजे एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू) बायबलची कथा ओव्यांमध्ये रचली आणि ते क्रिस्तपुराण गोव्यात रायतूरला १६१६मध्ये छापलं गेलं. तुकोबा तेव्हा लहान होते. पंडिता रमाबाई केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणत होत्या, आणि १९२२मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. रेव्हरंड टिळकांना (कवी ना. वा. टिळक) आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन थबकले, ते तिथून हलेचनात. ते प्रवचन मत्तयात आहे, अध्याय ५ ते ७. मार्कानंतर तेच घ्या.

आणि जुन्या करारात परत शिरायचं असेल तर 'रूथ'मधून शिरा. चारच अध्याय. विधवा सून विधवा सासूला सोडत नाही, तिच्याबरोबर परक्या गावी येते आणि पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. मराठी बायबलात शब्द हाच आहे, सरवा. कापणीनंतर मागे पडलेली कणसं. शेताच्या कडेचं पीक कापू नका, सरवा गोळा करू नका, तो गरिबांना आणि परक्यांना राहू द्या, हा नियम सांगितलाय कुठे, तर लेवीयाच्या १९व्या अध्यायात. मी कंटाळून सोडलं होतं तेराव्यात! सहा अध्याय आणखी रेटले असते तर तिथेच भेटला असता.

रूथ मी आईला वाचून दाखवलं. तिला दिसत नाही आता नीट, पण कान तिखट आहेत. शेतमालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो, पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम काढून टाका, तिला वेचू द्या, तिला बोलू नका. आई पटकन म्हणाली, "आमचे अण्णा हेच करायचे. ज्वारी काढताना कडेला कणसं टाकायला लावायचे. नुसतं दिलं तर बाया घ्यायच्या नाहीत."

मग मी पुढे वाचलं, रूथनं संध्याकाळी झोडपलं तेव्हा एफाभर सातू निघाले.

"एफा म्हणजे किती गं?"

म्हटलं, बावीसेक लिटर.

"लिटरात धान्य मोजतात होय? पायलीत सांग."