ओरिजिनल आहे का?

भारताची मॅच, सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा पडदा, हातात भजी आणि अंगात निळी जर्सी. एवढं जमून आलं की निदान टॉस होईपर्यंत तरी माणसाला सुखानं बसू द्यावं. पण आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. ते शेजारी येऊन टेकतात, माझी बाही चिमटीत धरून पैठणीचा पोत बघावा तशी चोळतात आणि पार मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "ओरिजिनल आहे का?"

खरं तर विचारायची काही गरज नसते. डाव्या खांद्यावरच्या तीन पट्ट्या उजव्या खांद्यावरच्या पट्ट्यांहून बारीक आहेत, हे पलीकडच्या बिल्डिंगमधूनही दिसतं. पाठीवर कोहलीचा १८ होता. पहिल्याच धुण्यात आठाची डावी बाजू सोलवटून निघाली आणि तेव्हापासून मी १३ नंबरचा कोणीतरी आहे. शर्टाचा निळा रंग बनियनने घेतलाय. तरीही मी "हो, ओरिजिनल" म्हणतो. काका "वा!" म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या जर्सीच्या कॉलरमागे लेबलच नाही, त्याबद्दल मी काही बोलत नाही. शेजारधर्म म्हणून काही असतो.

आता किमतीचं. आदिदासने जून २०२३ मध्ये भारताची जर्सी बाजारात आणली, तेव्हा खेळाडू घालतात तशी ४,९९९ रुपयांना होती, रेप्लिका २,९९९ ला. आकडा ऐकून पोटात गोळा आला. एवढ्या पैशांत आमच्या घरी महिन्याचा किराणा येतो, आणि किराण्याला घाम आला तर तो लगेच सुकावा अशी कोणाची अपेक्षा नसते. बरं, घेतली समजा. टिकणार किती? कापड टिकेल हो, छातीवरचं प्रायोजकाचं नाव टिकायला हवं ना! सहारा गेलं, स्टार आलं. मग ओप्पो, मग बायजूज, मग ड्रीम इलेव्हन. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायदा आणला, असाच खेळ चालवणारं ड्रीम इलेव्हन उतरलं आणि अपोलो टायर्स चढलं. शर्ट शिवणाऱ्यांचंही तेच. नायके, एमपीएल, मध्येच काही महिने किलर, आता आदिदास. पाच हजार मोजून वर्षभरात 'जुनी जर्सी' घालून फिरायचं, त्यापेक्षा चारशेची घालून फिरलेलं काय वाईट? फूटपाथवाल्याकडे तर नवीन नाव अधिकृत दुकानाच्या आधी लटकतं. कसं, ते विचारू नये.

नकलीची आणखी एक गंमत म्हणजे तिथे कोणाची परवानगी लागत नाही. २०१७ साली पालघरच्या शार्दूल ठाकूरला वनडे पदार्पणात १० नंबर मिळाला, तर सचिनचा नंबर घेतला म्हणून लोकांनी त्याला इतकं फैलावर घेतलं की पुढे तो ५४ घालून खेळायला लागला. देशासाठी बोलिंग टाकणाऱ्या माणसाला दहा नंबर झेपला नाही, आणि इथे आमच्या गल्लीत अंडरआर्म खेळणारी निम्मी पोरं दहा नंबरची आहेत. ४ जुलै २०२४ ला मरीन ड्राइव्हवर विश्वविजेत्यांची बस निघाली, तेव्हा रस्ता निळा झाला होता. त्यातल्या फक्त असली जर्सीवाल्यांनाच आत सोडलं असतं, तर बस दहा मिनिटांत वानखेडेला पोचली असती असा माझा अंदाज आहे.

नैतिक बाजू आमचे मेहुणे सांभाळतात. ते वकील आहेत. जेवताना त्यांनी ट्रेडमार्क कायदा, १९९९ काढला. खोटं चिन्ह लावलेला माल विकला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड. माझा घास घशातच अडकला.

"आणि घेणाऱ्याला?"

"स्वतःला घालायला घेतली असेल तर काही नाही. तुम्ही जेवा."

जेवलो, पण पानात लक्ष लागेना. म्हणजे धाड पडली की गाठोडं उचलून पळणार तो, खटला चालणार त्याच्यावर, आणि टीव्हीसमोर पाय पसरून "मार सिक्स!" म्हणून ओरडणार मी. 'गरीब फूटपाथवाल्याला मदत' हे आपलं लाडकं कारण मला त्या दिवसापासून जरा बोचायला लागलं. 'परवडत नाही' हे तर आधीच लटकं होतं, कारण आदिदासनेच ९९९ रुपयांचीही एक जर्सी काढली होती. पण ती घेतली की ती ९९९ वाली आहे हे लगेच ओळखू येणार. आपल्याला दिसायला हवी ४,९९९ ची. खरी मेख तिथे आहे, आणि ती मेहुण्यांच्या कायद्यात कुठे नाही.

हे सगळं इतकं पटलेलं असूनही भाच्याच्या वाढदिवसाला मी गेलो फॅशन स्ट्रीटलाच. विक्रेत्याने नकली हा शब्द एकदाही उच्चारला नाही. त्याच्याकडे फर्स्ट कॉपी होती, मास्टर कॉपी होती, थायलंड क्वालिटी होती. "ये पहनके ग्राउंड पे जाओ, अंपायर भी नहीं पहचानेगा." साडेसातशेपासून सुरुवात झाली. मी दोनशे म्हणालो. त्याने जर्सीची घडी घातली, मी पाठ फिरवली, त्याने हाक मारली, हे सगळं रीतसर झालं. साडेतीनशेला जमलं. वर मीच दरडावून विचारलं, "रंग जाणार नाही ना? चांगल्यातली डुप्लिकेट आहे ना?" तो दुखावला. "डुप्लिकेट मत बोलो साहब. अपना धंदा इमानदारी का है."

मी पाचशेची नोट दिली. त्याने ती उन्हात धरली. गांधीजींचा जलचिन्हातला चेहरा पाहिला, नखाने कडेच्या रेघा चाचपल्या, नोट तिरकी करून तार हिरव्याची निळी होते का तेही पाहिलं. मग दीडशे रुपये परत देत समजुतीच्या सुरात म्हणाला, "बुरा मत मानना. मार्केट में आजकल नकली बहुत चलता है."